एका दांड्याचं यंत्र

आमच्या घरात लाकूड फोडायचं यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा निम्म्या गावानं आम्हाला वेड्यात काढलं. उरलेल्या निम्म्याला अजून बातमी पोचली नव्हती. लाकूड फोडायला कुऱ्हाड लागते आणि कुऱ्हाड धरायला दोन हात लागतात, एवढं साधं ते काम. आमच्या घरी हातांचाच तुटवडा होता.

परतूरच्या पुढं, रेल्वेपासून जरा आत आमचं गाव. नव्वद सालानंतरची गोष्ट. ज्वारीच्या मळणीत माझ्या धाकट्या भावाच्या सदऱ्याची बाही थ्रेशरमध्ये अडकली आणि त्याचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत गेला. तेव्हा आमच्या भागात थ्रेशर नवे नवे होते आणि दर हंगामाला कुठून ना कुठून अशी बातमी यायचीच. लोक ‘कोणत्या गावचा?’ एवढं विचारत आणि पुन्हा चहाला लागत. त्या वर्षी आमच्या गावाचं नाव सांगितलं जात होतं.

वडील आधीच गेले होते. मी लग्न होऊन जालन्यात, एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. घरी आई आणि भाऊ, दोघंच.

हात गेल्यावर माणसाचं आणखी काय काय जातं ते मी जवळून पाहिलं. ठरलेली सोयरीक गेली. मुलीच्या बापानं मध्यस्थाकडून निरोप पाठवला, स्वतः तोंड दाखवलं नाही. शेत बटईनं दिलं. बैल विकले, कारण वखर धरणार कोण? म्हशीची धार काढायला शेजारची बाई यायला लागली. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, सगळं प्रेमानंच चाललं होतं. त्यानं पाण्याची कळशी उचलली की कुणीतरी म्हणायचं, ‘तू बस.’ खराटा हातात घेतला, ‘आरं, तू कशाला? बस तू.’ पायानं, डोक्यानं धडधाकट असलेला, तिशीही न गाठलेला माणूस. त्याला ओट्यावर बसवायचं आणि नैवेद्य दाखवल्यासारखा चहा समोर आणून ठेवायचा. मला त्या चांगुलपणाची भयंकर चीड यायची. एकदा मी ओट्यावरच्या चार बायांसमोर म्हणाले, ‘आता त्याला अंघोळपण तुम्हीच घाला.’ आईनं मला आत नेऊन झापलं.

तेव्हा गावात गॅस नव्हता. स्वयंपाकाची चूल, अंघोळीच्या पाण्याचा चुला, सगळं सरपणावर. बांधावरच्या बाभळी तोडायच्या, त्यांचे ओंडके वैशाखात फोडून छपराखाली रचायचे, म्हणजे पावसाळाभर चिंता नाही. फोडायचं काम आधी वडिलांचं होतं, मग भावाचं. हात गेल्यावर ते आईनं घेतलं. साठीला आलेली बाई, कमरेला पदर खोचून कुऱ्हाड चालवायची आणि दर चार घावांनी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. भाऊ ते बघत नसे. कुऱ्हाडीचा पहिला आवाज आला की तो मारुतीच्या देवळाकडं निघून जायचा.

एकदा आई कुठं बाहेर गेली असताना त्यानं स्वतःच कुऱ्हाड घेतली. ओंडका पायाखाली दाबला आणि डाव्या हातानं घाव घातला. बाभळीच्या गाठीवरून कुऱ्हाड निसटली आणि टाचेत बसली. जखम फार खोल नव्हती, पण आई परत आली तेव्हा अंगणात रक्त होतं. तिनं टाच बांधली, कुऱ्हाड उचलली आणि शेजाऱ्याच्या घरी नेऊन दिली. ‘ह्यानं मागितली तरी द्यायची न्हाई,’ असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. टाच तुटली असती तरी त्याला एवढं लागलं नसतं. पुढं कितीतरी दिवस तो जेवायला बसला की भिंतीकडं तोंड करून बसायचा.

मग एक दिवस माझ्या कचेरीत फोन वाजला. परतूरच्या एसटीडीवरून तो बोलत होता.

‘अक्का, जालन्यात लाकडं फोडायची मशीन भेटती का बघ बरं. एका हातानं चालंल आशी.’

परतूरला तो सरकी आणायला गेला होता. जिनिंगमध्ये रुईच्या गाठी दाबायचा प्रेस चालू होता. प्रेसवरचा माणूस एका हातानं विडी ओढत होता आणि दुसऱ्या हातानं नुसता दांडा खाली-वर करत होता. तेवढ्यानं खोलीभर कापसाची पेटीएवढी गाठ होत होती. भाऊ तिथं बराच वेळ उभा राहिला. रुईला दाबणारं यंत्र लाकडालाही दाबू शकेल, फक्त मधे पातं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. फोनवर तो इतक्या भराभरा बोलत होता की मला दोनदा थांबवावं लागलं. हात गेल्यापासून त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता. साहेब माझ्याकडं बघत होते, तरी मी फोन ठेवला नाही.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, ‘तुझ्या माहेरी आता कारखाना काढता का काय?’ मी म्हणाले, काढला तर तुम्हाला मॅनेजर करू. तो विषय तिथं संपला.

जालन्यात लोखंडाचं काय वाट्टेल ते मिळतं. एका लाकडाच्या वखारीत मी तसं यंत्र पाहिलं, माणसापेक्षा उंच, ओंडक्याचे एका दमात चार तुकडे करणारं. त्याला तीन फेजची वीज लागायची आणि किंमत ऐकून मी पर्स घट्ट धरली. वखारवाल्यानं सांगितलं, लहान यंत्रं औद्योगिक वसाहतीत बनतात, ट्रॉलीचे जॅक बनवणाऱ्यांकडं. आईनं म्हैस विकायची तयारी केली होती. तेवढ्यात बसेल असं काहीतरी बघायचं होतं.

एका शनिवारी भाऊ रेल्वेनं आला. आम्ही बहीण-भाऊ ती सगळी वसाहत पायी फिरलो.

पहिल्या ठिकाणी हापसायचं यंत्र होतं. एक लांब लोखंडी पाट, त्याच्या एका टोकाला पाचरीसारखं पातं, दुसऱ्या टोकाला जॅक. मधे लाकूड आडवं ठेवायचं. दांडा हापसत गेलं की जॅक लाकडाला पात्यावर रेटत नेतो. मोटार नाही, विजेची कटकट नाही आणि सगळ्यांत स्वस्त. मला ते बघताक्षणीच पसंत पडलं. भावानं डाव्या हातानं हापसायला सुरुवात केली. पण पाट धरून ठेवायला दुसरा हात नाही, त्यामुळं प्रत्येक झटक्याला सगळं यंत्रच फरशीवर सरकायचं. लाकूड फुटेपर्यंत तो घामाघूम झाला.

‘हे म्हंजी हापशावर टाकी भरून राह्यलो आसं झालं,’ तो म्हणाला. ‘मी येक लाकूड फोडंस्तवर माय कुऱ्हाड मागून आणील न् ढीग लावील.’

दुसऱ्या ठिकाणचा मालक इंजिनिअर होता. कारखाना स्वच्छ, यंत्राला हिरवा रंग, घरच्या विजेवर चालणारी मोटार. त्याच्या यंत्राला दोन दांडे होते. दोन्ही हातांनी दोन्ही दांडे एकदम धरले तरच जॅक पुढं जायचा. एक जरी हात सुटला तरी जागच्या जागी थांबायचा. ‘हात दांड्यांवर असले की पात्याकडं जाणारच नाहीत,’ तो मोठ्या अभिमानानं सांगत होता. बोलताना त्याची नजर भावाच्या मोकळ्या बाहीवर गेली आणि तो अडखळला.

भाऊ हसला. ‘बराबर हाय साहेब. ज्याला दोन हात हायेत त्याचेच हात वाचवती ही मशीन.’

एक दांडा दोरीनं बांधून टाकला तर चालेल का, असं भावानं विचारलं. मालक म्हणाला, बांधणार असाल तर मी देणारच नाही. पायानं चालेल असं करून मिळेल का, असं मी विचारलं. तर म्हणाला, ‘ताई, पाय दाबलेला राहतो आणि माणूस पुढं वाकतो. ते मी करत नाही.’ मी त्याला चार शब्द सुनावले. यंत्र ज्याला सगळ्यांत जास्त पाहिजे त्यालाच तुम्ही परत पाठवता, असं काहीसं बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि आम्हाला पाणी दिलं.

तिसरं ठिकाण म्हणजे वसाहतीच्या टोकाला एक पत्र्याचं शेड. मालक बोलका, गळ्यात रुमाल, दर वाक्याला ‘बिलकुल’. त्याच्या यंत्राला एकच दांडा होता. दांडा ओढला की जॅक पुढं, उलटा ढकलला की मागं. हात काढून घेतला तरी दांडा आहे तिथंच राहायचा आणि जॅक चालतच राहायचा. थांबवायचं तर दांडा उलटा ढकलायला लागायचा. हे मला खटकलं आणि मी तसं म्हणाले.

‘त्योच तर आराम हाय ना बाई! दांडा वढायचा न् निवांत तंबाखू मळायची. लाकूड आपोआप फुटतंय. बिलकुल बिनधास्त न्या.’

तंबाखू मळायला दोन हात लागतात हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. भावानं मात्र दांडा धरला होता. पाटावर बाभळीचा गाठीचा ओंडका होता. त्यानं दांडा ओढला, जॅक सरकत गेला, लाकूड एकदा करकरलं आणि मधोमध फाटलं. आतला तांबूस गाभा दिसला. त्यानं दांडा ढकलला, दुसरा ओंडका डाव्या हातानंच पाटावर ठेवला, पुन्हा ओढला. मालक बडबडत होता, पण आम्ही दोघंही ऐकत नव्हतो.

बाहेर चहाच्या टपरीवर मी म्हणाले, ‘एवढा एक हात उरलाय. तो सापडला तर?’

‘अक्का, आगं डोकं चालव. लाकूड ठिवायला ह्योच हात, दांडा वढायलाबी ह्योच. हात दांड्यावर आसंल तर पात्यापाशी कसा जाईल? दोन हातवाल्याचा येक दांड्यावर न् येक पात्यापाशी जाऊ शकतो. फुटंस्तवर म्या दांडा सोडणारच न्हाई, मग माझा कुठून जाईल?’

मी बराच वेळ विचार केला. त्याचं म्हणणं बिनतोड होतं. एका हाताच्या माणसासाठी त्या एका दांड्याच्या यंत्रापेक्षा निर्धोक यंत्र कोणतंच नव्हतं. आजही मला त्यात चूक काढता येत नाही. आम्ही ते घेतलं.

टेम्पोतून यंत्र गावात आलं तेव्हा बघायला गल्ली लोटली. अंगणात ते बसवलं, मोटार चालू केली. पहिलं लाकूड फुटलं तसं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वीज असेल तेवढा वेळ भाऊ यंत्रापाशी असायचा. आमचं छप्पर महिन्याभरात भरलं. मग शेजारीपाजारी आपापले ओंडके घेऊन यायला लागले. ‘तू बस’ म्हणणारीच माणसं आता ‘आमचंबी तेवढं करून देतो का?’ म्हणत त्याच्या मागं फिरायला लागली. गावातल्या एका लग्नाच्या पंगतीचं सगळं सरपण त्यानं फोडून दिलं. मांडवात त्याला पहिल्या पंगतीला बसवलं होतं. मी वाढायला होते. त्याच्या पानात मी दोनदा जास्तीची बुंदी वाढली, इतकी मी सुखावले होते.

आई मात्र सुखात नव्हती. मोटारीचा आवाज सुरू झाला की ती चुलीपुढून उठून दारात यायची. पीठ भरलेले हात तसेच. थ्रेशरचा आणि ह्या मोटारीचा आवाज तिला एकच वाटायचा. भावानं टपरीवर मला सांगितलेलं तिलाही कितीदा तरी समजावलं होतं. ती मान हलवायची आणि दारातच उभी राहायची. भीतीनं वेढलेल्या माणसाला हिशेब कळत नाही.

एकदा मी सुट्टीत गेले होते तेव्हा चिरलेलं लाकूड पात्यात अडकलं. भावानं दांडा मागं ढकलला, जॅक मागं गेला आणि त्यानं ते लाकूड हातानं उपटून काढलं. मोटार चालू होती, पण जॅक मागं होता, धोका काही नव्हता. आईनं मात्र फक्त पात्याला लागलेला हात पाहिला. ती अशी किंचाळली की मी घरातून धावत आले.

‘आजपासून लाकूड मी ठिवीन,’ ती म्हणाली. ‘तू निस्ता दांडा वढायचा. पात्याकडं याचं न्हाई.’

‘माय, कामून आसं करून राह्यली? मला येकट्यालाच जमतं.’

‘येक हात दिला म्या त्या मशीनला. दुसरा देणार न्हाई.’

तो चिडला, मोटार बंद करून निघून गेला. दोन दिवस यंत्राकडं फिरकला नाही. आईही हटली नाही. शेवटी लोकांची लाकडं अंगणात पडून होती म्हणून तोच नमला. पात्याजवळ एक दगड ठेवला गेला, आई त्याच्यावर बसायची. ओंडका उचलून पाटावर ठेवायची, हात मागं घ्यायची, मान हलवायची. मग तो दांडा ओढायचा. काही दिवसांत दोघांचा असा काही मेळ बसला की बघत राहावं. एकमेकांकडं न बघता कामं चालायची. अधूनमधून आई काहीतरी बोलून त्याला हसवायची. मी सुट्टीत गेले की चहाचा कप घेऊन ओट्यावर बसायचे आणि बघायचे. एका माणसाचं निर्धोक काम आम्ही दोन माणसांचं करून ठेवलंय, आता दांड्यावर एकाचा हात आणि पात्यापाशी दुसऱ्याचा, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. भावाच्याही नाही, आणि त्यानंच तर मला ते समजावलं होतं. दोष कुणाचा, असं पुढं पुष्कळांनी विचारलं. मला ह्या प्रश्नाचा कंटाळा आहे. आईला पोराचा हात वाचवायचा होता. त्याला काय दोष म्हणायचं?

पुढच्या वैशाखात मी आठ-पंधरा दिवस माहेरी होते. सकाळची वेळ. मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. बाभळीचं एक बेचक्याचं लाकूड होतं, वाकडंतिकडं. आईनं ते पाटावर ठेवलं, हात मागं घेतला, मान हलवली. भावानं दांडा ओढला. जॅक टेकताच लाकूड कलंडलं. तव्यावरची भाकर सरकली की बाईचा हात आपोआप जातो, तसा आईचा हात गेला. भावाला ते दिसलं. त्यानं दांडा सोडला.

त्या यंत्राचा दांडा सोडून काही होत नव्हतं.

तो उलटा ढकलेपर्यंत आईच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. आई ओरडली नाही. ओरडला तो.

परतूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत आईच बोलली. ‘मीच डाव्या हातानं दांडा वढला साहेब, न् मीच उजवा घातला. म्हातारपणची अक्कल. पोरगं तर घरातबी नव्हतं.’ आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प बसले. भाऊ माझ्या शेजारीच उभा होता. डॉक्टरांनी आईला चांगलंच रागावलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

तिथून पुढं तिनं तेच धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्याला ती सगळी हकीकत रंगवून सांगायची. कशी मला हौस आली, कशी मी मोटार चालू केली, कशी मी येडी दुसरीकडंच बघत होते. स्वतःची अशी काही टिंगल करायची की आलेली माणसं हसायला लागायची. दुखतंय का विचारलं तर म्हणायची, ‘छे, बिलकुल न्हाई. मुंगी चावली की जास्त दुखतं.’ तिला ताप होता, दुखण्यानं ओठ पांढरे पडले होते, तरी हेच. मी रजा वाढवून तिथंच राहिले होते आणि हे रोज ऐकत होते.

आणि कोपऱ्यात भाऊ ऐकत होता. त्या दिवसापासून त्यानं आपल्या हाताचं काम बंद केलं होतं. दुसरा काही शब्द मला सुचत नाही. हात मांडीवर ठेवून बसायचा. चहाचा पेला पुढं केला तर घ्यायचा नाही. ताट वाढलं तर ताटाकडं बघत राहायचा. मी घास भरवला तर तोंड उघडायचा, नाहीतर तसाच बसायचा. दाढी वाढली होती. सदऱ्याच्या गुंड्या मी लावायचे. यंत्रावर कुणीतरी पोतं टाकून दिलं होतं, तिकडं तो बघतही नव्हता. ज्या हातासाठी आईनं आपली बोटं घालवली, तो हात असून नसल्यासारखा झाला होता. मला दोघांचीही दया येत होती आणि दोघांचाही संताप येत होता. तरी मी त्याला भरवत राहायचे.

एका दुपारी आमची मावशी आली. टेंभुर्णीहून, दोन एसट्या बदलून. आईपेक्षा मोठी, बोलायला फटकळ, मनानं चांगली. आईनं तिला सगळी कथा पहिल्यापासून सांगितली, नेहमीपेक्षा जास्त रंगवून. मावशीनं कपाळाला हात लावला, आईला दोन-चार शिव्या हासडल्या, मग भावाकडं बघून सुस्कारा टाकला.

‘चला, येक बरं झालं बाई. ह्या लेकराच्या हातून न्हाई झालं. ह्याच्या हातून आता काय व्हायचं म्हणा, बिचाऱ्याच्या.’

तिला वाईट काही म्हणायचं नव्हतं. भाऊ उठून उभा राहिला. बरेच दिवस न बोललेल्या माणसाचा असतो तसा त्याचा आवाज फुटत नव्हता.

‘मावशे, ती खोटं सांगून राह्यली. दांडा म्या वढला.’

‘गप रे,’ आई म्हणाली. ‘ह्याचं डोकं ठिकाणावर न्हाई, बाई. तू च्या घे.’

‘म्या वढला. अक्कानं बघितलंय, इचार तिला.’

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. आईनंही पाहिलं, दवाखान्यात पाहिलं होतं तसंच. ह्या वेळी मी मान हलवली.

आई चिडली. ‘काय मिळतंय तुला हे सांगून? गावभर बोभाटा झाला तर तुला बरं वाटंल का? आईची बोटं तोडली म्हणतील लोक. म्हणू दिऊ का म्या?’

‘म्हणू दे. माय, शेत तुमी घेतलं. बैल घेतले. कुऱ्हाड घेतली. चांगलं म्हणून जे जे करायला गेलो ते घेतलं. आता हे वाईट झालं, तर हेबी तू आपल्या नावावर करून घेतलं. माझ्या हातून झालं ना? माझ्या हातून झालं. तेवढं तरी मला ठिवू दे.’

मावशी चहाचा कप तसाच धरून बसली होती. आई त्याच्याकडं बघत राहिली. इतके दिवस सगळ्यांना हसवणारा तिचा चेहरा एकदम थकलेला, म्हातारा दिसायला लागला. मग ती मावशीकडं वळली.

‘व्हय. ह्यानंच वढला दांडा,’ ती म्हणाली. ‘लाकूड फिरलं न् म्या हात घातला. आमी दोघं मिळून काम करून राह्यलो व्हतो.’

भाऊ तिच्यासमोर खाली बसला. त्यानं हात पुढं केला आणि तिचा पट्ट्यांत बांधलेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, अगदी सावकाश, मनगटाखाली तळवा देऊन. इतक्या दिवसांत त्यानं तो नीट बघितलाही नव्हता. आता तो वाकून बघत होता.

‘दुखतंय का गं माय?’ त्यानं विचारलं.

‘लै दुखतंय रे,’ आई म्हणाली, आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडायला लागली.